गाडीला लावलेली चिकटपट्टी

परभणी, मंगळवार, नोव्हेंबर १९८६

उद्या सकाळी पालमचे लोक ह्यांची जुनी व्हॅन न्यायला येणार. गाडीच्या आतला, मागच्या बाजूचा दिवा लागला पाहिजे, एवढीच त्यांची अट. हे गेल्यापासून तो लागलाच नव्हता, म्हणून आज रहीममिस्त्रींना बोलावलं.

त्यांनी झोपायच्या बाकाखालची फळी काढली आणि हसायलाच लागले. "बाई, डाक्टरसायबांनी गाडीलाबी मलमपट्टी केली की! इंजेक्शन तेवढं राहिलं."

वायरच्या प्रत्येक जोडाला दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी. झरी, ताडकळसच्या शिबिरांना गेले की हे गाडीतच मुक्काम करायचे. काही बिघडलं की हाताशी असेल ते लावायचे. आणि प्रत्येक पट्टीचं एक टोक दुमडलेलं. पेशंटची पट्टी काढताना दुखू नये म्हणून ठेवायचे, अगदी तसं.

"एखादी राहू दिली तर?" मी विचारलं.

"न्हाई बाई. आत वायर जळायलीय. आग लागंल."

"मग काढा."

किती सहज म्हणाले मी. रडू यायला हवं होतं का? दुमडलेलं टोक धरून मिस्त्रींनी एकेक पट्टी ओढली. सगळ्या अलगद सुटल्या. काळी टेप गुंडाळली, दिवा लागला. मी चहा केला.

आता दिवेलागण झाली आहे. गाडीतला दिवा चालूच राहिलाय. पडद्याआड हे वाचत बसलेत आणि जेवायला हाक मारायची तेवढी बाकी आहे, असं वाटतं. बॅटरी उतरली तर उद्या दिवा लागणार नाही. बंद करायला मलाच जायला हवं.

एवढी ओळ पुरी करते आणि उठते.