पन्नास तपासण्या

९ ऑक्टोबर

पन्नास भरल्या! इंटर्नशिपच्या नोंदवहीत गाईंच्या गर्भतपासण्या पन्नास हव्यात, प्रत्येकीसमोर सरांची सही हवी. त्याशिवाय पुढचा विभाग नाही — आणि उद्यापासून मला कोंबड्यांच्या विभागात हजर व्हायचंय.

आज गोठ्यावर खांद्यापर्यंत हातमोजा चढवून एकामागून एक गाय. बोटं पार बधिर झाली. खरं लिहिते — शेवटच्या गाईला हातच घातला नाही. ‘रिकामी’ लिहून टाकलं. गाभण लिहिलं तर किती महिन्यांची तेही लिहावं लागतं! सर मालकांशी बोलत होते, त्यांनी न पाहताच सही केली. गोठ्यावरचे काका पुटपुटले, ही रिकामी वाटत नाही. मालकांनी त्यांना गप्प बसवलं. मीही मान खाली घालून मोजा धूत राहिले.

१० ऑक्टोबर

सरांनी त्या गाईला माजावर येण्याचं इंजेक्शन दिलं. रिकाम्या निघालेल्या बाकीच्या अशक्त आहेत, त्यांना दोन आठवड्यांनी. गाय गाभण असली तर त्याच इंजेक्शनने गर्भ पडतो. याच प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते.

११ ऑक्टोबर

नसेलच गाभण.

१४ ऑक्टोबर

गर्भ पडला. तीन महिन्यांचा.

सर परीक्षक म्हणून दुसऱ्या कॉलेजला गेलेत, एकवीस तारखेला येतील. मालक म्हणतात, काकांनी बुरशीचा चारा घातला. महिनाअखेर त्यांना कामावरून काढणार. मी हे लस टोचता टोचता ऐकलं आणि पुढची कोंबडी उचलली. लाज वाटते स्वतःची.

१६ ऑक्टोबर

घरी फोन. धाकटा भाऊ पाहुण्यांना माझी डिग्री समजावत होता — आधी हाडं आणि शरीर, मग जंतू आणि औषधं, मग आजार, शस्त्रक्रिया, बाळंतपणं, आणि शेवटी वर्षभर प्रत्यक्ष काम. वर म्हणे, “माणसांच्या डॉक्टरला एकच जनावर शिकावं लागतं, ताईला सगळी!” सगळे हसले. आई म्हणाली, दारावरच्या पाटीचं बघायला हवं. मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज होती.

२१ ऑक्टोबर

सांगितलं! सर आल्या आल्या मी त्यांच्या खोलीत गेले आणि बोलून मोकळी झाले. सरांनी माझी नोंदवही उघडली. मग म्हणाले, चूक माझीही आहे, मी सही करायला नको होती. पन्नासावी सही खोडली. विचारलं, “बाकीच्या तपासल्या होत्यास ना?”

“हो सर.”

मग मला घेऊन मालकांकडे गेले. मालक रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, “तो तेव्हाच सांगत होता, मॅडम. तुम्ही शिकलेल्या म्हणून मी त्याला गप्प बसवलं.” काकांचं काम राहिलं. त्यांनी मला बसायला बादली पालथी घालून दिली. त्यांच्याकडे बघवेना.

येताना सर म्हणाले, असं खरं बोलायला हिंमत लागते.

२३ ऑक्टोबर

न तपासलेली गाय एक नव्हती. चार होत्या. या वहीलाही मी एकच सांगितली. बाकीच्या तिघींना उद्या सकाळी इंजेक्शन आहे. सरांना फोन लावलाय.