निळी माती

प्रिय चारुताई,

गेल्या वर्षी दवाखान्यातून घरी आल्यावर तू मला फोनवर विचारलं होतंस, "दोनदा झालं. माह्याच पोटात लेकरू काहून टिकत नाही वं?" घरातली मी पहिली पदवीधर, म्हणून काहीतरी पुस्तकी बोलून तुला गप्प केलं. खरं सांगते, उत्तर मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही देता येत नाही. फक्त आता त्या प्रश्नाची भीती वाटते.

हुडकेश्वरला आपल्या वस्तीमागचा, बाबा कामाला होते तो बंद गॅस कारखाना. तिथे आता प्लॉट पाडणार आहेत. त्याआधी जमीन तपासायचं काम आमच्या प्रयोगशाळेकडे आलं आणि नमुने आणायला साहेबांनी मलाच पाठवलं. कोळसा भाजून गॅस काढायच्या भट्ट्या ढासळल्यात. गॅस साठवायची टाकी भंगारात गेली, तिच्या खड्ड्यात काळं पाणी आणि वर डांबराचा तवंग. आणि कुंपणाजवळ, जिथे गॅस गाळून स्वच्छ करायचे तिथे, निळ्या मातीचा ढीग. माझ्या हातातलं खुरपं तसंच राहिलं.

तीच गं. बाबा सायकलवर पोतं लादून आणायचे ती. गॅसमधली सगळी घाण ती माती शोषून घ्यायची आणि निकामी झाली की कारखाना फेकून द्यायचा. बाबांच्या लक्षात आलं, ती पडते तिथे गवत उगवत नाही, वाळवी लागत नाही. मग घराच्या पायात ती, अंगणात ती, विहिरीभोवती चिखल नको म्हणून तिथेही तीच. शेजारच्या तुळसाबाई कुंपणावरून ओरडायच्या, "देवरावभाऊ, साऱ्या वस्तीले वाटून राहिले, माह्या दारात साप निघाल्यावर आणसान काय?" बाबा हसत त्यांच्याकडेही पोतं उतरवायचे. फुकटात लोकांचं भलं होतंय, याचा केवढा अभिमान होता त्यांना. तू तर ती कालवून बाहुलीची साडी रंगवली होतीस. जिथे गवतसुद्धा जगत नाही तिथे आपण खेळतो आहोत, हे कोणालाच सुचलं नाही.

त्या दिवशी मी आपल्या विहिरीचं पाणीही बाटलीत भरलं. नाव घातलं नाही, नुसता नंबर टाकला. त्यात सायनाइड निघालं, फिनॉल निघालं, मर्यादेच्या कितीतरी वर. तीनदा तपासलं. साहेबांनी विचारलं, हे पाणी कुठलं? माझ्या घरचं, मी म्हणाले आणि बाटलीवर आपलं नाव घातलं.

बाबांना मी परवा सांगितलं. आधी ते चिडले. "डिग्री काय भेटली, तुले पाण्यातबी खोट दिसून राहिली!" मी अहवाल वाचून दाखवला. तेव्हा ते म्हणाले, "मंग मी तुमाले इतके वर्षं जहरच पाजलं काय वं?" ताई, मी अहवालाची घडी घालून ठेवली. तेव्हापासून ते घराबाहेर पडलेले नाहीत. काल सकाळी मी घरोघर जाऊन विहिरीचं पाणी पिऊ नका म्हणून सांगितलं, महापालिकेत अहवालासकट अर्ज दिला. तुळसाबाईंनी माझ्या तोंडावर दार लावलं. बाबा बाहेर पडले की लोक काय म्हणतील, याची धास्ती वाटते.

तुझ्या दोन्ही वेळचा दोष त्या पाण्याचा होता, असं कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. तू सहा वर्षं सासरी भिवापूरचं पाणी पितेस, या वेळी डॉक्टर सगळं ठीक म्हणतात, हे मी रोज स्वतःला बजावते. तरी घाबरते.

आईने तुझ्यासाठी मागची खोली सारवून घेतली आहे. अंगणातलीच माती कालवून. येत्या रविवारी बाबा तुला बाळंतपणासाठी आणायला येणार होते. म्हणून काल दुपारी मी तुझ्या सासूबाईंना, प्रेमिला मावशींना, फोन केला आणि सांगितलं की ताईला आम्ही नेणार नाही, बाळंतपण तिकडेच करा. कारण दिलं नाही. दिलं असतं तर सून जहरावर वाढली म्हणून जन्मभर तुलाच ऐकावं लागलं असतं. त्या म्हणाल्या, "असं कसं माहेर वं तुमचं?" मी ऐकून घेतलं. त्यांनी तुला सांगितलं असेलच, आणि बहिणीने दार लावलं म्हणून तू रडलीही असशील. हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल. मी त्यांना नाही म्हणून सांगून टाकलं आहे, आणि तो शब्द मी मागे घेणार नाही.

तुझ्याच पाठची,
नंदिनी