बंद केलेला रेकॉर्डर

सस्काटून, कॅनडा, मंगळवार संध्याकाळ

श्रीलंकेहून फोन आला. तिथल्या वेद्दा आदिवासींमधले आजोबा गेले. त्यांची भाषा टिपायला मी तीन उन्हाळे तिथे जात होते. मध, धनुष्य, हत्ती, एकेक शब्द विचारून घेतला. पण ते बहिणीशी गप्पा मारायला लागले की मी रेकॉर्डर बंद करायचे. बॅटरी वाचवायला! कुठे गेली होती माझी अक्कल? आता ती म्हातारी त्या भाषेत बोलणार कुणाशी? घरातली पोरं सिंहलीच बोलतात.

जेवताना ओजसला विचारलं, "पोळी वाढू?"

"आय ॲम फुल, आई."

मीही इंग्रजीतच उत्तर दिलं. पोळी परत डब्यात ठेवली.

तशीच उठून पुण्याला ताईला फोन लावला.

"इतक्या सकाळी? बरी आहेस ना गं?"

"तू नुसती बोल," म्हटलं.

रेकॉर्डर मी आधीच चालू केला होता.