चिंचेने घासलेली नळी

मुक्काम अमरावती

तीर्थरूप मायच्या पायांवर पुंजारामचे डोके.

बाबांना उतार पडत आहे. वामनकाकांनी पुढचा मजकूर तुला एकटीलाच वाचून दाखवावा.

लघवी तुंबून बाबांच्या दोन्ही कुशी फुगल्या होत्या. अकोल्याच्या वैद्याने पोटावर उंदराच्या लेंड्यांचा लेप सांगितला. तो मीच वाटला. अजून जेवताना स्वतःच्या बोटांकडे पाहवत नाही. थेंबही उतरला नाही, म्हणून इथल्या डॉक्टरकडे आणले. तो म्हणाला, लघवीच्या वाटेने चांदीची नळी घालू, नाहीतर आत गुरदे सडतील.

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवले. "गावभराच्या मुताची नळी मले नको. मेलो तरी चालन."

नळी मीही वाकून पाहिली. आत पिवळा थर होता. तरी ती मागून घेतली. तू देव घासतेस तशी विहिरीवर राखेने आणि चिंचेने घासली, आत गवताची काडी फिरवली, मग पाण्यात उकळली. बाबा ओसरीवर बसून पाहत होते.

"तुह्या मायनं शिकवलं वाटते," म्हणाले आणि आडवे झाले.

घमेलेभर कुजकट पाणी निघाले. वास माझ्या सदऱ्यातून जात नाही. डावी कूस बसली. उजवीही बसेल.

काळी गाय व्याली का? कापूस वेचायला बायका मिळतात का?

येणाऱ्या गाडीवानाबरोबर घरची जुनी चिंच पाठव. नळी आता रोज घालायची आहे, आणि ती मी दुसऱ्या कोणाला घासू देणार नाही.

तुझा लेक,
पुंजाराम