रिकामा डबा आणि कल्पान्त

मुलुंड (पूर्व),
कोजागिरीनंतरचा रविवार

तीर्थस्वरूप कुंदाताईस,

नंदूचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो खुर्चीतूनच घातला आहे, आठांपैकी जमली तेवढी अंगं गोड मानून घ्यावीस.) भाऊजींचा गुडघा, तुझं पित्त आणि बोरिवलीचं पाणी ही तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम आहे, एक बाब सोडून, आणि तिच्याविषयी रीतसर तक्रार करण्यासाठी हे पत्र.

गेल्या आठवड्यात तू आमचा कडीचा स्टीलचा डबा परत पाठवलास, झाकणावर आईचं नाव कोरलेला. तो मी उघडला. आत काहीही नव्हतं. उलटा करून पाहिला, उजेडात धरून पाहिला, शेवटी वास घेतला. भांडी घासायच्या साबणाचा आला. ताई, आपल्या घरचा डबा कुणी रिकामा परत केल्याचा दाखला श्रुतिस्मृतिपुराणांत नाही. सुगंधाकाकू आठव. तिचं आणि आईचं वर्षभर बोलणं बंद होतं, पण डबा यायचा तेव्हा तळाशी चिमूटभर साखर असायची, आणि आई ती बघून म्हणायची, "अजून रागावलेलीच दिसते." म्हणजे साखर हा रागाचा एक दर्जा झाला. रिकाम्या डब्याला तर शास्त्रात संज्ञाच नाही. रेवतीला विचारलं तर म्हणाली, "तुमचं बहीणभावाचं तुम्ही बघा, माझं आणि ताईंचं रोज बोलणं होतं." (हे मला नवीन होतं. माझी बायको रोज शत्रुपक्षाशी बोलते आणि मला तुझ्या पित्ताची खबर मिळू देत नाही.)

असो. मुळाकडे यायला हवं, आणि मूळ म्हणजे आपल्या दोघांच्या चिरंजीवांचा दिवंगत रॉक बॅण्ड. मिहिरनं तुला एक हकिगत सांगितली असेल, देवव्रतनं मला दुसरी सांगितली. दोन पाठ ताडून पाहणं हा माझा जन्माचा धंदा. तेव्हा ही शुद्ध केलेली प्रत वाच.

तुला आठवत असेल, बॅण्डचं बारसं मी केलं. "मामा, एकदम खतरनाक संस्कृत नाव दे ना," असं तुझा मुलगा म्हणाला आणि मी 'कल्पान्त' दिलं. कल्पाचा अंत कोट्यवधी वर्षांनी येतो असं ग्रंथ सांगतात. ह्यांचा दुसऱ्या दिवाळीआधीच आला. मिहिर गिटारवर, देवव्रत ड्रमवर, आणि गायला घाटकोपरचा सुशांत, जो मोठी जाड तारांची गिटारही वाजवतो आणि तिघांत एकटाच वेळेवर येतो. दर रविवारी आमचा सोफा स्वयंपाकघरात जायचा आणि बाहेरच्या खोलीत प्रलय व्हायचा. खालच्या शुभाताई लाटण्यानं छत ठोकायच्या. (देवव्रतचं म्हणणं, त्या ठोक्यात ठोका देतात. मला ते पटत नसे, पण आता पटतं. त्याचं कारण पुढे येईल.)

भांडण कशावरून? मुलीवरून नाही, पैशावरून नाही. लोक ज्यांवरून भांडतात अशा एकाही प्रतिष्ठित कारणावरून नाही. देवव्रत पळतो, एवढंच. गाणं ज्या लयीत सुरू होतं त्या लयीत त्याच्या हातून संपत नाही. दुसऱ्या कडव्याला हात तापतो, तिसऱ्याला सुटतो. मिहिरनं टिकटिक करणारं यंत्र आणून त्याच्या कानात अडकवलं. त्यानं यंत्रालाही मागे टाकलं.

आता अंधेरीचा कार्यक्रम. कॉफीच्या त्या दुकानात कॉफी देताना लोक आपलं नाव विचारतात. मी 'नंदकिशोर' सांगितलं तर पेल्यावर 'नंद' एवढंच आलं, किशोर वयोमानानुसार गळला असावा. मिहिरनं स्वतः केलेलं गाणं होतं, कॅनडाला निघून गेलेल्या कुणा मुलीवर. (नाव मला माहीत आहे. तुला नसेल तर माझ्याकडून कळणार नाही.) अगदी संथ, आणि शेवटी एकट्या गिटारचा लांबलचक विलाप. पोरानं त्या विलापासाठी महिनेच्या महिने घासले होते. देवव्रतनं सुरुवात सभ्यपणे केली. मग हात तापला. लोक टाळ्यांनी ठेका धरू लागले, टाळ्या वाढल्या, सुशांतला शब्दांच्या मध्ये श्वास मिळेना, आणि विरहाचं ते गाणं अशा वेगानं शेवटाला आलं की ती मुलगी कॅनडाहून परत निघाली असावी. देवव्रतनं दणका देऊन संपवलं. मिहिरचा विलाप तसाच राहिला. तो माइकपाशी आला आणि शांतपणे म्हणाला, "झाली आरती. प्रसाद घेऊन जा."

दुकान हसून लोळलं. देवव्रतला शिव्या चालतात, हसलेलं चालत नाही (ह्या बाबतीत तो तुझ्यामाझ्या बाबांवर गेला आहे). त्यानं तिथेच झांजा सोडवायला घेतल्या. त्या दिवसापासून दोघे एकमेकांचं नाव घेत नाहीत, 'तो' म्हणतात. बॅण्डच्या व्हॉट्सॅप ग्रूपमधून आधी मिहिर बाहेर पडला, मग देवव्रत. नाव ठेवण्यापुरतं मला त्यात घेतलं होतं, तिथून कुणी काढलं नाही. तेव्हा सध्या 'कल्पान्त' म्हणजे सुशांत आणि मी. मध्यस्थी कर म्हणून त्याला गाठलं, तर दुःखी झाला की तो आजीच्या मालवणीत शिरतो, तसा शिरून म्हणाला, "काका, माका ह्यात ओढू नकात. मी दोघांच्याय घरी जेवलंय."

पण ताई, 'आरती' हा मिहिरचा शब्द माझ्या डोक्यातून जाईना, कारण तो खरा आहे. देवव्रत ताल शिकला तो गणपतीत. आणि कुणाकडून? आपल्या लहानपणी गव्हाणपाड्याच्या त्या दोन खोल्यांत झांज कुणाच्या हातात असायची? शेवटच्या आरतीला तू जी सुटायचीस, बाबांना दम लागायचा, शेजारची पोरं केवळ आधी कोण संपवतो ते बघायला दारात उभी राहायची. पुढे देवव्रतला मांडीवर घेऊन त्याच्या मुठीत झांज तूच दिलीस. मी जन्मभर ताम्हन धरून उभा. तेव्हा मिहिरचं गाणं बुडवलं माझ्या मुलानं, पण हात तुझे होते.

हे मी कार्यक्रमानंतर तुझा फोन आला तेव्हाच सांगायला हवं होतं. तू म्हणालीस, "नंदू, तुझ्या पोराला थांबता येत नाही." मी म्हटलं, माइकवरून चारचौघांत बोलणं बरं नव्हे. तू म्हणालीस, "म्हणजे मी वळण लावलं नाही?" इथे शहाणा माणूस गप्प बसतो. मी तीस वर्षं संस्कृत शिकवलेला, म्हणून म्हणालो, "मी तसं म्हटलं नाही, अर्थ तू काढलास, पण चुकीचा काढलास असंही म्हणत नाही." वाक्य निर्दोष होतं. फोन बंद झाला होता.

भाऊजींना नमस्कार, मिहिरला आशीर्वाद.

तुझा,
नंदू

ता. क. हे पत्र घेऊन रेवती येते आहे. सोबत तोच डबा. आत नारळाच्या वड्या आहेत. कडेच्या दोन मी थापल्या, त्या ओळखू येतील.

आणखी एक ता. क. सुशांतनं कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग पाठवलं, ते ऐकलं. मिहिरचं बरोबर आहे. हे देवव्रतला सांगितलेलं नाही, पण तो हल्ली दार लावून, कानात ती टिकटिक घालून उशीवर काठ्या आपटतो. मिहिरचंच गाणं असतं. परवा शुभाताई वर येऊन विचारून गेल्या, घरात कुणी आजारी आहे का.

शेवटचं. तक्रार डब्याची नव्हती, हे तुला पहिल्याच ओळीत कळलं असेल. पोरांची मला काळजी नाही. ती आज ना उद्या वाजवतील, नाहीतर दुसऱ्या कुणाबरोबर वाजवतील. दर भाऊबीजेच्या आदल्या दिवशी तुझा फोन येतो, "जेवायलाच ये, उशीर करू नकोस." ह्या वर्षी तो आला नाही तर मी येणार नाही, माझा स्वभाव तुला माहीत आहे, आणि तुझा मला. तसं काही बिघडणार नाही. सगळे समजून घेतील. मग पुढच्या वर्षी न येणं आणखी सोपं जाईल. मला त्याची भीती वाटते.