तुझी ओन्नी आणि मी

प्रिय यम्ना,

सलाम. अरफाचे अब्बा उद्या कामासाठी दुबईला जातायत, परतताना अल बर्शाला तुझ्या दारात हे पत्र देतील. फोनवर मी नेहमीसारखं 'सगळं खुशाल' म्हणून खलास करते, म्हणून लिहायला बसले.

ईदला तुझ्याकडून आल्यापासून माझा जीव जळतोय. खोटं कशाला बोलू. इथे अल ऐनला आपण भिंतीला भिंत लावून राहिलो. बाजारात जायचं तर गाडी तू काढायचीस, आणलेली सुरमई साफ मी करायचे. मोईनभाईंची नोकरी बदलली, तुम्ही दुबईला गेलात, तेव्हा मला वाटलं होतं, ही तिकडे एकटी पडेल, रोज फोन करेल. पण तुला शेजारीण मिळाली कोरियाची. मग तुझे फोटो यायला लागले. लालभडक रश्श्यात बोटाएवढ्या पांढऱ्या कांड्या, काडीला टोचलेल्या माशाच्या वड्या. कांड्यांचं नाव तोकबोक्की. मी अरफाला म्हटलं, यम्ना खालाला हे काय खूळ लागलंय. तर म्हणते, "मम्मा, एव्हरीवन ईट्स इट नाऊ." सगळे खातात ते खाऊ देत. तू का?

ईदला मी तुझ्या किचनमध्ये शिरले, तर तुझी ती शेजारीण युनजू तुझाच एप्रन बांधून शेवया ढवळत उभी. मी बाह्या वर केल्या, तर तू म्हणालीस, "आपा, तू बस, लांबून आलीयस." तुझ्या किचनमध्ये मी पाहुणी कधी झाले, यम्ना?

मग तिने तोकबोक्कीची कढई तशीच टेबलावर आणून ठेवली आणि तुम्ही सगळे उभ्याउभ्याच तिच्यात काड्या घालायला लागलात. तू मला समजावत होतीस, की तिच्या गावी रस्त्यावर असंच खातात, अनोळखी माणसंसुद्धा खाण्याच्या हातगाडीभोवती खांद्याला खांदा लावून उभी असतात. जेवताना आपला पेला आपण भरायचा नसतो, शेजारच्याने भरायचा. तू तिचा भरलास, तिने तुझा भरला. मी प्लेट मागून घेतली आणि सोफ्यावर जाऊन बसले. तेवढ्यात तू तिला 'ओन्नी' अशी हाक मारलीस. अरफाने माझ्या कानात अर्थ सांगितला, मोठी बहीण. म्हणजे आपाच की. तिखट लागतंय म्हणून मी प्लेट बाजूला सारली, आणि ती बिचारी माझ्यासाठी दही घेऊन धावली. त्याचाही मला राग आला.

गेल्या जुम्म्याला इथल्या बागेत खाण्याचे स्टॉल लागले होते. अरफा मला ओढत कोरियन स्टॉलवर घेऊन गेली. हलालची पाटी होती, तरी मी दोनदा विचारलं. मनात होतं, एकदा नीट खाऊन बघावं आणि तुला कळवावं, की तुझ्या ओन्नीच्या खाण्यात काही दम नाही. थंडी होती. काउंटरवरच्या मुलीने आधी कागदी कपात माशाच्या वड्यांचं गरम पाणी दिलं, दोन्ही हातांनी, अदबीने. पैसे नकोत म्हणाली, ते असंच देतात. मी एक घोट घेतला. सुक्या मासळीचं कालवण होतं ते, यम्ना. आपल्या दापोलीच्या घरी पावसाळ्यात चुलीवर असायचं तसंच. मग ती कांडी चावून बघितली, तर तांदूळ. वर लसूण आणि लाल मिरची. यात परकं असं काहीच नव्हतं. मला ते आवडलं, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं, कारण आता नावं ठेवायलाही जागा उरली नाही. बाजूला दोन फिलिपिनो बायका एकाच वाटीतून खात हसत होत्या. अरफा म्हणाली, "सेंड खाला अ फोटो." मी पाठवला नाही. तुला वाटलं असतं, आपाचं मन निवळलं. ते निवळलेलं नाही.

आता जे फोनवर जमलं नाही, ते. अरफाच्या अब्बांच्या कंपनीने त्यांना नोकरीतून मोकळं केलंय. उद्या ते त्याच कागदांसाठी येतायत. या महिन्याअखेरीला आम्ही कायमचे दापोलीला निघालो. सांगायला मी फोन करायचे, पण मागून युनजूचा आवाज आला की 'सगळं खुशाल' म्हणून ठेवून द्यायचे. ती चांगली बाई आहे, हे मला दिसतं. तुला परदेशात कुणीतरी हवं, हेही कळतं. इन्शाल्ला, मी गेल्यावर तीच तुझ्या दुखण्याखुपण्याला धावेल. तेव्हा तिला खुशाल ओन्नी म्हण, मी काही म्हणणार नाही. पण येत्या शनिवारी इकडे ये, मुक्कामाला ये, आणि एकटी ये. तिला वाईट वाटलं तर वाटू दे. तिला तू रविवारीही मिळशील.

तुझी, अजून तरी तुझीच,
कुलसुम आपा