गोळीतला वाघ

२९ नोव्हेंबर १९३७

मेहकरची कुस्त्यांची दंगल मारली! साखरखेर्ड्याचा तो धिप्पाड गडी, ज्याच्या नावानं म्हणे लेकरं झोपतात — पाच मिनिटांत आस्मान दाखवलं. लोकांनी डोक्यावर घेतलं. खरंच डोक्यावर. उतरताना एकाची पगडी माझ्या पायात अडकली.

माझा उजवा खांदा गेल्या साली निखळला तो अजून धड बसलेला नाही. पण कुस्तीच्या आधी गोळी घेतली की खांदा आहे की नाही तेच कळत नाही. हरभऱ्याएवढी अफू, वर घोटभर दूध. मग समोर हत्ती आला तरी बेहत्तर.

जोर ४००, बैठका ८००. तुळशीराम वस्ताद म्हणतात आकडा लिहून ठेवत जा, म्हणून ही वही. मी मराठी चौथी पास आहे. माझी मान पाहून कुणाला खरं वाटत नाही. न वाटो!

१ डिसेंबर

आज बुलढाण्याच्या बाजारात अब्रू गेली.

जानेफळचा रामराव पहेलवान चहाच्या दुकानात दहा माणसं जमवून बसला होता. मला पाहिलं आणि मांडीवर थाप मारून म्हणाला, "हा का बे देऊळघाटचा वाघ? अरे हा तं गोळीतला वाघ हाये! गोळी काढून घेतली का मांजर!"

सगळे खदखदून हसले. चहावालासुद्धा. त्याचा चहा मी गेली सहा वर्षं पितो, लाज नाही मेल्याला!

मी मूठ वळली होती. पण उचलली नाही. कारण तो खोटं कुठे बोलला? पहिल्यांदा फक्त कुस्तीच्या दिवशी घ्यायचो. मग आदल्या दिवशी. आता रोज सकाळी लागते, नाहीतर जांभयांवर जांभया, नाकाला धार, पिंढऱ्या कोणी पिळतंय असं वाटतं. हे वस्तादांना माहीत, मंजुळेला माहीत. बायकोपासून काय लपतं? बाकी या वहीला.

२ डिसेंबर

धाडच्या पंचकमिटीचं छापील पत्रक आलं. दंगल ९ जानेवारीला. शेवटची कुस्ती — देऊळघाटचे शेषराव विरुद्ध जानेफळचे रामराव! चांदीचं कडं आणि मानाचा फेटा. माझं नाव आधी छापलंय. तीनदा वाचलं.

खाली बारीक अक्षरात एक कलम. अफू, गांजा, भांग घेऊन कोणीही कुस्तीच्या हौदात उतरायचं नाही. प्रत्येक पहेलवानानं मारुतीसमोर बेलभंडार उचलून तशी शपथ घ्यायची, मगच लंगोट लावायचा. हे सगळं वामनराव मास्तरांचं. गेल्या साली त्यांच्या डोळ्यांदेखत एक पहेलवान मान मुरगळूनही लढत राहिला. अफूच्या गुंगीत त्याला दुखलंच नाही. पडला तो पुन्हा उठला नाही. मास्तर पंच होते. तेव्हापासून ते कमिटीत हे कलम लावून धरत होते म्हणे.

वस्ताद हसले. "बेलभंडार उचल आन् मोकळा हो. मारुती काय डोळे तपासून राह्यला का तुझे?"

मला हसू आलं नाही. बेलाची पानं आणि भंडारा हातात घेऊन खोटं बोललेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. आमच्या गावचे चोरसुद्धा भंडारा पुढे आला की कबूल होतात.

आणि जाणार नाही म्हणावं, तर रामराव जिंकला. न लढता.

४ डिसेंबर, शनिवार

सोडली!

मारुतीला नारळ फोडला, अफूची डबी पैनगंगेत भिरकावली. लांब गेली. डाव्या हातानं टाकली तरी!

वस्ताद म्हणाले, "येडा झाला का बे? महिना उरला हाये. हा खांदा घेऊन लढशील कसा?" म्हटलं, हरलो तर माणूस म्हणून हरेन. फार मोठं बोललो असं लगेच वाटलं, पण बोललो.

 मंजुळा तान्ह्या पमीला काखेत घेऊन माझ्याकडे पाहत राहिली.

५ डिसेंबर

जोर शून्य. जांभया मोजल्या नाहीत.

६ डिसेंबर

मेलो.

७ डिसेंबर

थोडं बसता येतंय, म्हणून लिहितो. लिहिलंच पाहिजे, म्हणजे पुन्हा कधी बुद्धी फिरली तर वाचता येईल.

काल टमरेल घेऊन सतरा वेळा नाल्यावर गेलो. शेवटी तिथेच बसून राहिलो, उठायची ताकद नव्हती. अंगावर काटा, वर घाम. हाडात मुंग्या. आठशे बैठका मारणारे पाय, आणि उंबरा ओलांडताना चौकटीला धरावं लागलं! आईच्या नावानं रडलो. आईला जाऊन नऊ वर्षं झाली.

मंजुळेला म्हटलं, अफूच्या सरकारी दुकानात जा, मोहरीएवढी आण, फक्त मोहरीएवढी. ती म्हणाली, "देवापुढं बोलले ना तुमी?" मी ताट फेकलं. पमी दचकून रडायला लागली. मग मीच मंजुळेच्या पाया पडलो. हे लिहू की नको? लिहितो. नवरा बायकोच्या पाया पडला, आणि तो देऊळघाटचा वाघ होता!

ती मोठ्यानं रडली. मी तिला एवढं रडताना पाहिलं नव्हतं.

८ डिसेंबर

वस्ताद आले. तिळाचं तेल कोमट करून तासभर अंग रगडलं. ओव्याचा काढा पाजला. मारुतीचा अंगारा लावला. दुपारी भाकरी कुस्करून दूध घेतलं, ते पोटात ठरलं. ओसरीवर उन्हात झोप लागली. चार दिवसांतली पहिली.

१० डिसेंबर

गेली! अफू अंगातून गेली! पाच दिवसांत!

लोक उगाच बाऊ करतात. म्हणे अफू माणसाला सोडत नाही. अरे, माणसानं तिला सोडायला पाहिजे! मन घट्ट पाहिजे, बस. पिंढऱ्या ठीक. नाक कोरडं. जोर ६०, हळूहळू.

१४ डिसेंबर

जोर २००. बैठका ५००. भूक वाघासारखी.

२० डिसेंबर

जोर ३५०. खांदासुद्धा पूर्वीइतका बोंबलत नाही. वस्तादांच्या तेलाचा गुण, मारुतीची कृपा, आणि माझा निश्चय. तिन्हींत निश्चय जास्त, पण देवाच्या कानावर नको जायला.

वस्ताद स्वतः म्हणाले, "शेषराव, मी तीस साल पहेलवान घडवून राह्यलो. गोळी सोडून महिन्याच्या आत कोणी उभा राह्यला नाई. तू कोन्या मातीचा हायेस बे?" म्हटलं, देऊळघाटच्या!

२७ डिसेंबर

आज आखाड्यात दोघांनी माझ्यासमोर गांजाची चिलीम फोडली. मी न सांगता! पण मग मी भाषणही केलं. अर्धा तास. शेवटी शेषराव पहेलवानाचं तोंड त्याच्या दंडापेक्षा जास्त चालतं असं कोणीतरी मागून म्हणालं. म्हणू दे.

मंजुळा अलीकडे गप्प असते. कापूस वेचणीचे दिवस आहेत, दमत असेल. तरी माझा खुराक एक दिवस चुकवत नाही. बदाम स्वतः वाटते, दूध स्वतः आणून हातात देते आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर उभी राहते. हिच्यासारखी बायको लाखात नाही. तोंडावर सांगितलं तर म्हणेल, काऊन, आज काय पाहिजे?

६ जानेवारी १९३८

जोर ५००! बैठका १०००! गोळी नसताना! आयुष्यात पहिल्यांदा.

१० जानेवारी

लिहितो सगळं. 

काल पहाटे बैलांच्या दमणीतून निघालो. मंजुळेनं दुधाचा तांब्या फडक्यात बांधून वस्तादांच्या हाती दिला — बाहेरचं काही घेऊ नका, कोण काय घालील नेम नाही. शहाणी आहे. धाडला पोचलो तर माणसांचा समुद्र. झाडावर माणसं, कौलांवर माणसं.

मारुतीच्या देवळात वामनराव मास्तर टोपी घालून उभे. परातीत बेल आणि भंडारा. माझी पाळी आली.  परातीत हात घातला आणि सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं म्हणालो — मी शेषराव, अफू, गांजा, भांग घेऊन लढायला उतरत नाही. खोटं बोललो असेन तर हा मारुती मला पाहून घेईल! मास्तरांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. मी त्यांच्या. असं सरळ मी कुणाच्या डोळ्यांत वर्षभर पाहिलं नव्हतं.

रामरावानंही उचलला. पुटपुटला काहीतरी.

मग कुस्ती. बावीस मिनिटं! पहिली दहा मिनिटं तो माझ्या उजव्या खांद्यावरच तुटून पडला. साऱ्या वऱ्हाडाला माझा खांदा ठाऊक. दुखला. पण मी म्हटलं, दुख लेका, तू माझा आहेस! एकदा त्यानं पट काढून मला खाली घेतलं, मानेवर घुटना ठेवला, जानेफळवाले नाचायला लागले. मी माती धरून राहिलो. सुटलो. विसाव्या मिनिटाला त्याचा दम उखडला. हात ओला झाला त्याचा. मनगट धरलं, खांद्याखाली शिरलो आणि धोबीपछाड! अख्खा रामराव माझ्यावरून गेला आणि पाठ टेकली. चितपट! दोन्ही खांदे! वामनराव मास्तर स्वतः वाकून बघत होते!

मग काय झालं ते नीट आठवत नाही. फेटा, कडं, हलगी. वस्ताद रडत होते. सत्तर वर्षांचा माणूस, लेकरासारखा! "बिनागोळीचा, बिनागोळीचा!" असं लोकच ओरडत होते. मास्तरांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "शेषराव, गेल्या सालापासून माझ्या मनावर एक ओझं होतं. आज ते उतरलं."

रामरावाला उठवायला हात दिला. मांजर वगैरे काही बोललो नाही. जिंकलेल्याला ते परवडतं.

११ जानेवारी

गावात मिरवणूक. वेशीपासून घरापर्यंत दीड तास! मंजुळेनं ओवाळलं. सगळ्या बायका हसत होत्या, हीच तेवढी नाही. कडं तिच्या हातात घातलं तर म्हणाली, "देवापुढं ठेवा." ठेवलं.

१५ जानेवारी

धाडपेक्षा मोठी दंगल आज माझ्या ओसरीवर मारली. न लढता!

सकाळी जोर काढून आलो तर दारात रामराव. एकटा. मला वाटलं बदला घ्यायला आला. तर त्यानं वाकून माझे पाय धरले. जानेफळच्या रामरावानं!

"दादा, म्या खोटा भंडारा उचलला. बोराएवढी खाऊन उतरलो होतो. तुमाले गोळीतला वाघ म्हणे, आन् मीच..."  डोळे पुसून म्हणाला, "म्हणूनच देवानं पाडलं मले. आता मले बी सोडाची हाये. जानेफळात राहून होणार नाई. तुमी जसं सोडलं तसं मले इथं राहून सोडू द्या."

मी त्याला छातीशी धरलं. म्हटलं, रहा! जितके दिवस लागतील तितके रहा. मारुतीपुढे नेलं, नारळ फोडला. वामनराव मास्तरांना निरोप धाडला. उद्या सगळ्या वऱ्हाडात ही गोष्ट जाईल. आबकारीवाल्यांनी दुकानं बंद करून माझ्याकडे शिकायला यावं!

१६ जानेवारी

रामराव जांभया देतोय. त्याला माझी वही वाचून दाखवली, ५ आणि ६ तारीख. हसला बिचारा.

१७ जानेवारी

आज ओरडत होता. म्हटलं, "काऊन बे, मांजर झालं का?" मग वाईट वाटलं. धीर दिला — मन घट्ट कर गड्या, पाचव्या दिवशी ही बया निघून जाते बघ. माझी गेली तशी.

१८ जानेवारी

रामराव ओसरीवर भिंतीला डोकं आपटतोय. वस्तादांचं तेल झालं, काढा झाला, अंगारा झाला. काही उपयोग नाही.

मंजुळेनं मला चुलीपाशी बोलावलं. हातात पमीची डबी, मी गोळी सोडल्यापासून दिसेनाशी झालेली. वेचणीला जाताना लेकरू झोपून राहावं म्हणून गावातल्या साऱ्या बाया राईएवढी अफू चाटवतात, ती डबी.

म्हणाली, "मले पाहवत नाई. त्याइच्याबी दुधात घालू का? तुमच्या घालत होती तेवढीच."

मी म्हटलं, "कधी?"

"चौथ्या दिवसापासून. रोज. धाडच्या तांब्यात जराशी जास्त." मग म्हणाली, "आज सकाळीबी."

मी वही घेऊन इथेच बसलो आहे. ती उभी आहे. बाहेरून रामराव ओरडतोय, "दादा, तुमी कसं काढलं हो हे? सांगा ना!"